वारज्याच्या पिचवरचा शड्डू

ज्यांना पटवून घ्यायचं नाही, त्यांनी इथेच थांबावं. घडलं ते खरं आहे. गेल्या फेब्रुवारीत, पुण्यात, वारज्यात, हायवेमागच्या एका क्रिकेट ग्राउंडवर.

आणि रात्री-बिरात्री नाही... नीट उजाडताना.

घडलं माझ्या रंगरावमामांच्या बाबतीत.

मामा बत्तीस वर्षं पिचं बनवत होते. मातीवर बोट टेकवून ओल सांगायचे आणि माणसावर नजर टेकवून त्याची किंमत. किंमत बहुधा शून्यच निघायची. बॅट्समन म्हणजे हेल्मेट घातलेले नवरदेव. कोच म्हणजे शिट्टी मिळालेले रिकामटेकडे. प्लास्टिकच्या गवतावर खेळणारे तर माणसांत धरायचेच नाहीत.

ग्राउंड चालवणारा अभिनव अठ्ठावीस वर्षांचा.

"काका, संडेला मॅच आहे. पिच रेडी नसेल तर मंडेला आर्टिफिशियल टर्फ टाकतो. सिंपल."

"गालिचा अंथरून क्रिकेट? त्यापेक्षा ग्राउंड साखरपुड्यांना द्या," मामा म्हणाले.

पण आतून हलले. टर्फला ना पाणी लागतं, ना रोलर, ना रंगराव.

पिचचा वरचा थर उखडला होता. लाल माती हवी होती. तेव्हाच कळलं, पेठेतली एक तालीम पाडतायत. पाडकाम सुरू झालं त्याच आठवड्यात तिथले खंडू वस्ताद गेले. कुस्तीच्या हौद्यातली माती नुसती पडून होती. पिठासारखी चाळलेली.

मामा टेम्पो घेऊन गेले. दारात वस्तादांचा चेला, रतन पैलवान, उभा.

"न्या मामा. पण चपला काढा आणि आधी डोकं टेकवा. या मातीनं चाळीस वर्षं तेल, ताक, हळद प्यायलीय."

"माती आहे की बाळंतीण?"

रतन हसला नाही. "वस्ताद म्हणायचे, जो डोकं टेकत नाही, त्याची पाठ टेकते."

"अहो पैलवान, लंगोट लावून चिखलात लोळणाऱ्यांनी मला माती शिकवायची नाही."

मामा चपलांसकट हौद्यात उतरले. फावडं त्यांनीच घातलं.

सोमवारी थर दिला. तेल मुरलेली माती पाणी पीत नव्हती. थेंब वरच्या वर घरंगळायचे. मामांच्या जागी दुसरा असता तर तिथेच थांबला असता. मामांनी काळी माती मिसळली, दिवसभर रोलर फिरवला. संध्याकाळी पिच असं दगड झालं की किल्लीचं टोक आत जाईना.

मंगळवारी सकाळी...

पिच खणलेलं होतं.

कुत्र्यांनी उकरल्यासारखं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीत, ढेकूळ न् ढेकूळ फोडून. पैलवान रोज पहाटे हौदा खणून मऊ करतात ना... तसं.

मामांनी वॉचमनला शिव्या दिल्या. पुन्हा रोलर. पुन्हा दगड.

बुधवारी पुन्हा मऊ. मातीत अनवाणी पावलं होती, अंगठे खोल रुतलेले. आत येणारं पाऊल एकही नव्हतं. बाहेर जाणारंही नाही.

गुरुवारी मामा पहाटेच जाऊन रोलरवर बसले. हायवेवर ट्रक चालू होते. पूर्व तांबूस व्हायला लागली. सगळं स्पष्ट दिसत होतं.

आणि ट्रकचे आवाज बंद झाले.

ट्रक दिसत होते. आवाज नव्हता.

मग...

फट्.

मांडीवर थाप. शड्डू.

ग्राउंडवर चिटपाखरू नव्हतं. हळदीचा वास आला. समोरच्या क्रीजपाशी दगडासारखी माती फुटली. एक ढेकूळ... दुसरं... फावड्याचा घाव ऐकू येत होता, फावडं नव्हतं. ओळ सरळ मामांच्या दिशेनं येत होती.

दुसरा पळाला असता. पण मामांचा तिरस्कार त्यांच्या भीतीपेक्षा वयानं मोठा.

ते बूट घालून पिचच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "क्रिकेट झेपत नाही म्हणून मातीत लोळणाऱ्या जातीचा कोण तू? माझ्या पिचवरून चालता हो."

फावडं थांबलं.

त्यांच्या खांद्यावर चिमूटभर माती पडली. कुस्तीआधी जोडीदाराच्या अंगावर टाकतात, तशी. प्रेमानं.

मग उजव्या मनगटाभोवती बोटं आवळली. जाड, कोरडी, गरम.

पुढचं वॉचमननं गेटवरून पाहिलं. एकटे मामा कुणाशी तरी झोंबतायत, पाय रोवतायत... आणि अचानक जमिनीपासून वर उचलले गेले. आडवे. क्षणभर तसेच.

मग धप्प.

पाठ टेकली. दोन्ही खांदे.

मॅच झाली नाही. सोमवारी हिरवं टर्फ आलं आणि मामा विश्रांतवाडीला, मुलीकडे, राधाकडे राहायला गेले. तिथेही सोसायटीच्या माळ्याला सुखानं जगू देत नव्हते. वाटलं, मामा त्या मातीतून सुटले.

महिन्यानं मी तिथे असताना अभिनवचा फोन आला. स्पीकरवर होता, मीही ऐकला.

"काका, टर्फखालची जमीन रोज सॉफ्ट होतेय. बॉल बाउन्सच होत नाही. प्लीज या. जॉब परमनंट, लिहून देतो."

मामांना आयुष्यात एवढंच हवं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि मनगट चोळत बसले.

"मामा, त्या दिवशी नक्की काय झालं?"

मामांनी मनगट सोडलं.

"पाडलं. मग हात देऊन उठवलं. पाठीवरची माती झटकली... बापानं झटकावी तशी. आणि म्हणाला, उद्या ये."

"मग? गेलात?"

नो-बॉल टाकणाऱ्याकडे बघायचे, तसं मामांनी माझ्याकडे बघितलं. "वस्तादानं बोलावल्यावर न जायला मी काय तुझ्यासारखा आहे?"

मामांची स्कूटर रोज पहाटे साडेचारला सुटते. अभिनवला विचारलं, तर म्हणतो, काका इथे टर्फ आल्यापासून आलेलेच नाहीत, वॉचमनलाही दिसले नाहीत.

साडेसातला परत येतात, तेव्हा दमलेले असतात, अंगाला हळदीचा वास येत असतो. आणि त्रेसष्टाव्या वर्षी मामांचे खांदे रुंद होत चाललेत. राधाला दोनदा त्यांचे सदरे उसवावे लागले.