पलीकडचा काठ

देगलूरच्या आमच्या शाळेत एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या सरावाला मी दरवर्षी स्मरणचित्राला 'समुद्रकिनारा' हा विषय देतो, आणि दरवर्षी पोरं समुद्राला पलीकडचा काठ काढतात. बिचारी करणार काय? त्यांचं पाणी म्हणजे तळं, फार तर मांजरा नदी. मग मी खोडरबर घेऊन बाकाबाकावर फिरतो आणि काठ पुसतो. पंचवीस वर्षं हेच चाललंय.

गेल्या फेब्रुवारीत लुंबिनीच्या चित्रापाशी मात्र थबकलो. आठवीतली, कमी बोलणारी मुलगी. ना नारळ, ना होडी, ना मावळता सूर्य. कागदभर नुसतं पाणी, आणि वर पलीकडच्या काठावर बोटभर उंचीची एक मुलगी, आपल्याकडे तोंड करून, चपला हातात धरून. एवढ्याशा आकृतीनं सगळं चित्र तोलून धरलं होतं. बघताना उगाच उदास वाटलं. समासात लाल पेनानं शेरा लिहिला : 'आकृती आपल्याकडे पाहते. छान.'

"कोण ही?"

"माहीत न्हाई सर. पलीकडं गेली, म्हणून काठ काढला."

"समुद्राला पलीकडचा काठ नसतो, पोरी."

"मग ती उभी कुठं ऱ्हाईल, सर?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि काठ पुसला. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. सव्वादोन.

तीनला फोन आला. माझी लेक अंजू कॉलेजच्या सहलीबरोबर कोकणात गेली होती. फोनवर तिची मैत्रीण स्वप्नाली रडत होती.

"काका, अंजू लई लांब दिसून राहिली होती. पाण्यात न्हाई, पाण्याच्या वर. जमिनीवर उभी असल्यावानी. चपला हातात. आमच्याकडंच बघून राहिली होती. होडीवाले निघाले बी होते तिला आणायला..."

"मग?"

"सव्वादोनला एकदम दिसंनाच झाली."

अंजू सापडली नाही. अकरा दिवस शोधलं. माझ्या हातून काय झालं, ते तिच्या आईलाही मी सांगू शकलेलो नाही.

लुंबिनीकडून चित्र मागून घेतलं. काठ पुन्हा काढला, त्याच जागी, गडद पेन्सिलीनं.

काठावर मुलगी नीट उभी आहे.

पाठमोरी.

समासात माझाच लाल शेरा आहे : 'आकृती आपल्याकडे पाहते.'