नाव न घेता दिलेली हाक

शनिवार, ९ डिसेंबर २०२३. कृष्णाकाठचं धुकं दुपार झाली तरी पलूसवरून हललं नव्हतं. वारा अजिबात नव्हता. हवेत अंगाला चिकटणारी गार ओल होती.

अशा हवेत सोपान ट्रकखाली शिरला. आयुष्यभर ट्रक चालवले, मग डोळे अधू झाले आणि स्टेअरिंग सुटलं. आता पंचेचाळिशी उलटल्यावर तो जोतिबा मिस्त्रींच्या गॅरेजात नवं काम शिकत होता. लांबच्या फेरीआधी गाडी तपासायची, बिघाड व्हायच्या आत पकडायचा. चाकाच्या नटांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, हवेची गळती कान लावून शोधायची. सगळं ठीक असेल तर बंपरवर खडूची खूण करायची. खुणेशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

आजची गाडी त्याचा पुतण्या कपिल नेणार होता. इस्लामपुरातून साखर भरायची आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं. घाटातली पोराची पहिलीच फेरी होती. त्यामुळे सोपान एकेक चाक निरखून बघत होता.

ब्रेक तपासायला दोघं लागतात, एक कॅबिनमध्ये पेडलवर आणि एक गाडीखाली. खालच्यानं 'दाब' म्हटलं की वरचा पेडल दाबतो आणि हवेच्या जोरानं चाकामागचा लोखंडी दांडा बाहेर येतो. 'सोड' म्हटलं की फुस्स आवाज होऊन तो आत जातो. यात मिस्त्रींचा एक दंडक होता. आधी वरच्याचं नाव घ्यायचं, त्यानं ओ दिली की मगच 'दाब' म्हणायचं. शेडमध्ये गाड्या खेटून उभ्या असतात, शेजारच्या गाडीतलाच कुणी दाबायचा, असं ते सांगत.

चाकांना दगड लावले होते, हातब्रेक सोडला होता. कपिलला वर बसवून पुढची चाकं झाली. सोपान पाठीवर सरपटत मागच्या चाकांपाशी गेला. बॅटरीच्या उजेडात त्यानं दांडा पुसला, नजर त्यावर रोवली आणि नादात बोलून गेला, "दाब."

दांडा बाहेर आला.

"सोड."

दांडा आत गेला. फुस्स झालं, पण सावकाश... दमलेल्या माणसानं श्वास सोडावा तसं.

"पायात गोळं आलं व्हय रं?" सोपान हसला.

वरून उत्तर आलं नाही. जळका वास मात्र आला. घाट उतरल्यावर तापलेल्या ब्रेकना येतो, तो वास सोपानच्या नाकात मुरलेला होता. गाडी तर आठवडाभर जागची हलली नव्हती. त्यानं चाकाच्या ड्रमला हात लावला. ड्रम गारढोण होता.

तो काही बोलायच्या आत दांडा पुन्हा बाहेर आला आणि तसाच राहिला.

"सोड... सोड की रं..."

तेवढ्यात बंपरखालून त्याला दोन पाय दिसले. ते फाटकाकडून येत होते.

"तात्या, च्या घ्या," कपिल म्हणाला. "गार हुतोय."

सोपान बाहेर कसा आला, त्याचं त्याला कळलं नाही. त्यानं कॅबिनचं दार ओढलं. आत कुणी नव्हतं. पेडल तळाला टेकलेलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर आलं.

मिस्त्री धावत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नाव घेतलंतास?"

सोपाननं मान खाली घातली.

"मग दाबायला सांगितलंस कुणाला?"

ते स्वतः गाडीखाली गेले. कपिलला वर बसवून, त्याचं नाव घेऊन त्यांनी सगळी चाकं पुन्हा बघितली. एकातही खोट निघाली नाही. फेरीला उशीर होतोय म्हणून गाडीच्या मालकाचा फोन वाजत राहिला.

"कपिल, ही गाडी आज नको नेऊस... माझं ऐक," सोपान म्हणाला.

"आवं तात्या, लोक ब्रेक लागत न्हाईत म्हणून गाडी अडवत्यात. तुमी लागत्यात म्हणून अडवताय व्हय?"

सोपाननं खडू मुठीत घट्ट धरला. कपिलनं हसत हसत ती मूठ उघडली, खडू घेतला आणि बंपरवर स्वतःच खूण ओढली. मिस्त्रींनी फाटक उघडलं. धुक्यात मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत सोपान फाटकात उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक कुंभार्ली घाटात, उताराच्या मधोमध उभा सापडला. कुठं ओरखडा नव्हता. साखरेचं एकही पोतं सरकलं नव्हतं. कपिल क्लीनरच्या सीटवर पट्टा लावून बसला होता. तो जिवंत आहे, कराडच्या दवाखान्यात आहे, अजून बोललेला नाही. ड्रायव्हरची सीट कुणा उंच माणसासाठी सरकवावी तशी पार मागं गेलेली होती. ब्रेकचं पेडल तळाला टेकलेलं होतं. ब्रेकच्या टाकीतली हवा सोडली, पाइप काढले. तरी पेडल वर आलं नाही.