अठरा ठिपके

"...दहा, अकरा, बारा..."

कालिंदी टीपकागदावरचे ठिपके पुटपुटत मोजत होती. कानाच्या पाळीला सुई टोचायची, दर अर्ध्या मिनिटाला रक्त टिपायचं, ठिपका उमटेनासा झाला की वेळ लिहायची. एस्प्लनेडच्या त्या लॅबमध्ये रोज चार-पाच कान तिच्या हाताखालून जात.

"अहो, तुम्ही चक्क मराठीत मोजताय—" खुर्चीतला माणूस म्हणाला.

"हलू नका. तेरा."

तो दिगंबर खेर. सांगलीहून इथे परप्रांतात बदली होऊन आलेला बँकेतला अधिकारी. अक्कलदाढ काढायची, म्हणून डॉक्टरांनी आधी तपासणीला पाठवलेला. एरवी आठ-दहा ठिपक्यांत रक्त थांबतं. याचं थांबलं अठराव्याला.

"दाढेसाठी काही घेतलंत?"

"काल ॲस्पिरिन. दोन गोळ्या."

"मग बरोबर." तिने कापूस दाबून धरला. "रक्तात प्लेटलेट असतात. एरवी गुळगुळीत चकत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जखम झाली की पहिली पोचलेली कडेला चिकटते, तिला जणू हातपाय फुटतात, आणि पोटातलं रसायन सोडून ती बाकीच्यांना हाक मारते. त्या धावत येतात, एकमेकींना धरतात, भोक बुजतं. मग त्यावर धाग्यांची जाळी विणली जाते, गुठळी पक्की होते. कुणी शिकवलेलं नाही, तरी चुकत नाहीत."

"आणि माझ्या?"

"चिकटतात. पण हाक मारत नाहीत. गोळी लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत मुकी. नव्या यायला दहा दिवस. तेव्हा या."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "घरातल्या कर्तबगार माणसांबद्दल बोलावं तसं बोलता त्यांच्याबद्दल." मग ॲप्रनवरचं नाव वाचून म्हणाला, "येतो, कालिंदीबाई."

दहाव्या दिवशी आपण निळी साडी का नेसलो, हे कालिंदीने स्वतःला विचारलं नाही.

तो आला. ती मोजू लागली. दहा... बारा... पुन्हा अठरा.

"गोळी?"

"नाही," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. प्लेटलेट भरपूर होत्या. भरपूर असून रक्त थांबत नाही, म्हणजे खोट जन्माची... अशा माणसाला साधी दाढही जिवावर बेतू शकते. डोळा तसाच लावून ती बसून राहिली. उठून त्याला काय सांगायचं?

"कालिंदीबाई..." तो मागे येऊन उभा होता. "सकाळी घेतल्या. दोन."

"का?"

"रक्त वेळेत थांबलं असतं तर तुम्ही रिपोर्ट हातात दिला असता... आणि संपलं असतं."

तिने चष्मा काढून पुसला. काच कोरडीच होती, डोळे नव्हते.

"मी इथे बसून काय काय बघितलं, ठाऊक आहे?"

"चुकलो." तो खरंच खाली बघत होता.

"दाढ दुखते?"

"फार."

"लवंग धरा. गोळी घेतलीत तर याद राखा." मग चष्मा चढवत, "त्या बिचाऱ्या गोळीमुळे मुक्या होतात. तुम्हाला काय झालं होतं? एक हाक मारायची..."

खाली ट्रामची घंटा वाजून गेली. तो अगदी हळू म्हणाला,

"कालिंदी."

ती वळली नाही. "रविवारी बागबाजारला आमच्याकडे या. बाबा चारनंतर घरी असतात."

मग तिने अठरा ठिपक्यांची ती पट्टी उचलली, कोपऱ्यात तारीख घातली — आणि फाइलऐवजी पर्समध्ये ठेवली.