वाक्यात उपयोग करा: सारखे करणे

नलू धक्क्यावर पोचली तेव्हा होडी सुटली होती. पण होडीवाल्याने वल्हं रोवून ती थांबवली.

"या बाई, सावकाश."

आठवडाभर म्हसळ्याच्या शाळेत शिकवायचं, शनिवारी दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्याला अंथरुणाला खिळलेल्या वडिलांकडे जायचं... चार वर्षं हेच. सव्वीस वर्षांची नलू म्हातारीसारखी दमून बसायची.

तिने मांडीवर उत्तरपत्रिका घेतल्या.

"काय लिवलंय पोरांनी?" होडीवाल्या हरेश्वरने विचारलं.

"'सारखे करणे'चा वाक्यात उपयोग. सगळ्यांच्या आईने अंथरूणच सारखं केलंय!"

"मी सांगू? — बाई, जरा अलीकडं सरका, होडी सारखी करायचीय."

ती सरकली. मग लक्षात आलं... होडी आधीच सारखी होती.

पुढे दर शनिवारी त्याचं नवं वाक्य तयार असे. "बाईंनी वाऱ्यावरचा पदर सारखा केला" म्हणाला, तेव्हा तिने खाडीकडे तोंड फिरवून हसू लपवलं.

"शिकलात किती?" तिने एकदा विचारलं.

"दुसरी. तुमी म्याट्रिक. ते काय सारखं व्हायचं न्हाय." तो हसत म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

एकदा तिला बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा उतारू कधीच गेले होते, आणि हरेश्वर तिच्या तोंडावर सावली यावी म्हणून शीड धरून उभा होता.

"उठवलं का नाही?"

"चार वर्सांची झोप ती. अर्ध्यात कशी मोडू?"

घरी पोचेस्तोवर तिचे डोळे भरून येत राहिले.

दिवाळीनंतर वडील गेले. तेरावं झालं, आगरदांड्याच्या घराला कुलूप लागलं. तरी पुढच्या शनिवारी नलू दिघीच्या धक्क्यावर हजर!

होडी रिकामी होती. दोरी सोडता सोडता हरेश्वर थबकला.

"आता पलीकडं कोन हाय, बाई?"

"कोणी नाही."

"मग... कुटं नेऊ?"

"कुठेच नको. तुम्ही उतरा, हरेश्वर. मला तुमच्या आईला भेटायचंय."

त्याने हातातली दोरी खाली टाकली. "आय इचारंल, म्याट्रिक बाई आपल्यात कशाला आली?"

"सांगा, दमलीय. बसायला आलीय... कायमची."

तो उतरला. दोघं वाळूतून कोळीवाड्याकडे चालू लागली. दोरी बांधायची राहूनच गेली, आणि रिकामी होडी ओहोटीबरोबर एकटीच खाडीत निघाली.