पुढच्या डिकीतली ऊब

माझी गाडी दोन सीटची आहे. इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरासं अलीकडे, आणि पुढे बॉनेटखाली नुसती डिकी. ही गाडी मी बाराही महिने रोज चालवते. त्यावरून मला टोमणे मारणं हा आमच्या गावातला हिवाळी खेळ आहे. मी घरोघरी जाणारी नर्स आहे. जपानमधल्या तोकामाचीच्या डोंगरांतली सव्वीस घरं माझ्याकडे आहेत आणि इथे घरांच्या खिडक्या बुजतील इतका बर्फ पडतो.

"इकुए, यंदा तरी माणसांची गाडी घेणार, की याच पाटावर बसून घसरत जाणार?" शेजारचे ओबुची काका दर नोव्हेंबरात विचारतात.

"पाट नाही काका, विमान आहे."

"विमान उडतं गं. हे गाडलं जातं."

गाडलं जातं हे खरं आहे. दोनदा त्यांनीच फावड्याने मला बाहेर काढलंय. पण चाळिसाव्या वर्षी मी ही गाडी घेतली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा फक्त मला हवी म्हणून एखादी वस्तू घेतली होती, आणि ती आठ महिने वापरून चार महिने ताडपत्रीखाली ठेवायची हे मला पटत नाही. चांगले बर्फाचे टायर लावले की चालते. इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे चढ ती मुकाट्याने चढते. खोड एकच, नाक हलकं. उतारावरच्या वळणात स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जाऊ पाहतं. मग वळणाच्या आधी हलकासा ब्रेक दाबून वजन पुढे आणायचं. हे मला बाबांनी शिकवलं.

बाबांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत, सिगरेटींनी फुप्फुसं खाल्ली आहेत, आणि सहा वर्षं ते नाकाला नळी लावून राहतात. ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घरघरत असतं. लाइट गेली तर जवळच सिलिंडर ठेवलेला आहे, पण त्याची चकती फिरवताना त्यांची बोटं थरथरतात. आई गेली, मी लग्न केलं नाही, भाऊबहीण नाही. रोज सकाळी त्यांना एकटं सोडून निघायची सवय होत नाही.

आता गाडीवर ठोकण्याबद्दल सांगते. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर हाताने ठोकतात. मांजरं उबेला म्हणून इंजिनापाशी शिरून झोपतात. ठोकलं की बाहेर पळतात. बाबांनी गॅरेजमध्ये असं एक मांजर इंजिनाच्या पट्ट्यातून सोडवून काढलं होतं, मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्यानंतर न ठोकता मी गाडी सुरू केलेली नाही. फक्त हात सवयीने पुढच्या बॉनेटवर जातो. चार हिवाळे बाबा खिडकीतून मला हसताहेत.

"अगं बये, इंजिन मागे आहे! पुढे कोणाला उठवतेस?"

मग मी मागे जाऊन पुन्हा ठोकते. पण आधी पुढे ठोकल्याशिवाय राहवत नाही.

पाचव्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या मध्यावर, मिझुओची आजींना आंघोळ घालत होते. त्या ब्याण्णव वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या, पण जीभ तिखट. अंग पुसायचे ओले टॉवेल मी पुढच्या डिकीत ठेवते, आणि हिवाळ्यात ते बाहेर काढले की बर्फासारखे असतात. आधी गरम पाण्यात बुडवावे लागतात. त्या दिवशी पाण्यात बुडवायच्या आधीच एक टॉवेल आजींच्या पाठीला लागला.

"वा! आज कसं काय सुचलं?" आजी म्हणाल्या. "छान गरम करून आणलेस."

मी टॉवेल गालाला लावून पाहिला. तापवलेला नव्हता. माणसाच्या अंगाइतका कोमट होता.

रेडिएटर नाकापाशी असतो, गरम पाण्याचे पाइप तिथूनच जातात, तेव्हा काहीतरी गळत असणार. बाबांना सांगितलं. त्यांनी नळी लांब करून घेतली, अंगणात स्टूलवर बसून डिकी तपासली, सगळे पाइप चाचपले. कुठे ओल नाही, कुठे फट नाही.

"पाइप ठीक आहेत," ते म्हणाले. मग गाडीकडे तिरकं बघत राहिले. "पुढून बसलीय मात्र. दोन बोटं तरी."

"डिकी तर रिकामी केलीय."

"हो ना," बाबा म्हणाले, आणि हात पुसून आत गेले.

गाडी लावायचं आमचं छप्पर आखूड आहे, गाडीचं नाक बाहेर राहतं. जानेवारीत एका सकाळी पाहिलं तर रात्रभरात गुडघाभर बर्फ पडला होता, वायपर मी उभे करून ठेवले होते ते टोकापर्यंत बुडाले होते, आणि बॉनेट कोरडं होतं. इंजिन बारा तास बंद होतं. मागचं झाकण छपराखाली असूनही गारठलेलं, आणि बॉनेटवर हात ठेवला तर खालून ऊब येत होती. डिकी उघडली. आत माझ्या सामानाशिवाय काही नव्हतं. फक्त अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेल्यावर येतो तसा वास होता.

मी नर्स आहे. अशा वेळी मी मोजते. थर्मामीटर डिकीत ठेवून झाकण लावलं आणि दहा मिनिटांनी काढलं. छत्तीस पूर्णांक दोन.

त्याच आठवड्यात लक्षात आलं की गाडीचं नाक घसरत नाही. खिंडीतून खाली उतरताना, ज्या वळणावर दरवर्षी माझा जीव मुठीत असतो तिथे, पुढची चाकं रस्ता धरून होती. ब्रेकवर पायही ठेवावा लागला नाही. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकी चांगली ती कधीच चालली नव्हती.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला सकाळी सवयीने पुढे ठोकलं, तीन वेळा.

आतून तीन वेळा ठोकलं गेलं.

थंडीत पत्रा आक्रसतो, त्याचा आवाज होतो. मी दोनदा ठोकलं. दोनदा आलं. मग पाच वेळा. आतून पाच, सावकाश, बोटाच्या पेरानं ठोकावं तसे. माझ्या हातमोज्यांत घाम आला. झाकण उघडलं. टॉवेल, पट्ट्यांचा डबा, सलाइनच्या बाटल्या, सगळं जागच्या जागी आणि कोमट.

खिडकीत बाबा उभे होते. हसत नव्हते.

संध्याकाळी जेवताना त्यांनीच विषय काढला. "पहाटे, तू उठायच्या आधी, मी पण जातो अधूनमधून. अंगणापर्यंत."

"नळी पुरते?"

"काढून जातो." माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "ओरडू नकोस. तिथे बॉनेटला टेकून उभं राहिलं की दम लागत नाही. कितीही वेळ."

"बाबा, नळी काढायची नाही. आणि त्या गाडीजवळ जायचं नाही."

"तू जातेस की."

मी गाडी विकते म्हणाले. त्यांनी मिसो सूपचा वाडगा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "मग ते कुठे जाणार?"

तरी मी ती चालवत राहिले. सव्वीस घरं होती, दुसरी गाडी नव्हती, आणि न ठोकता किल्ली फिरवायला माझा हात धजत नव्हता. ठोकायचं म्हणजे आत असेल त्याने बाहेर यावं म्हणून ठोकायचं. मी रोज ठोकत होते. आतून रोज उत्तर येत होतं.

एकोणीस तारखेला उत्तर आलं नाही.

पुन्हा ठोकलं. पत्रा गार होता, त्यावर बोटभर बर्फ साचला होता. सुटले एकदाची, असं मनात म्हटलं, आणि हलक्या मनाने निघाले. सकाळचे साडेसात वाजले होते.

खिंडीच्या पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि नाक सरळ गेलं. ब्रेक दाबला, उशीर झाला होता. गाडी रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीत हळूच घुसून थांबली. मला काही लागलं नाही. काच पांढरी झाली आणि सगळं शांत झालं. डिकीत आता ते नाही, हे तेव्हा मला अंगभर कळलं.

मग ते कुठे होतं?

तेवढ्यात मोबाइलवर गावाचा संदेश आला. झाड पडून तार तुटली आहे, आमच्या वाडीत सात चाळीसपासून वीज नाही.

घरी फोन लावला. बाबांनी लगेच उचलला.

"बाबा, लाइट गेलीय ना? सिलिंडर लावलात?"

"नाही लावला." आवाज खणखणीत होता. सहा वर्षांत ते एका श्वासात इतकं बोलले नव्हते. "लागतच नाहीये गं. मस्त उबेत बसलोय आम्ही."

"आम्ही?"

"तूच नाही का रोज बाहेर ये म्हणून ठोकत होतीस? आलं."

"बाबा, बाहेर या. ओबुची काकांकडे जा. आत्ता."

"उगाच घाबरतेस. सावकाश ये बरं का. आज नाक हलकं असेल."

रिव्हर्स टाकला. मागच्या चाकांनी गाडी ओढून काढली. परतीचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. फक्त "थांबा बाबा, थांबा" असं मी मोठ्यानं म्हणत होते.

अंगणात, गाडीचं नाक असतं तिथून घराच्या दारापर्यंत, बर्फात वीतभर रुंदीचा पट्टा वितळला होता. खाली ओलं सिमेंट दिसत होतं. पट्टा पायरी चढून दारात गेला होता. सकाळी निघताना माझं खाली लक्षच गेलं नव्हतं.

घरात घरघर नव्हती. यंत्र बंद, नळी खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेली. बाबा कोतात्सूत बसले होते, बुटक्या टेबलावरची जाड रजई कमरेपर्यंत ओढून. तिच्या आतली शेगडी विजेची. विजेशिवाय घरात तोंडातून वाफ निघत होती.

त्यांचे ओठ लाल होते. त्यांचे असे ओठ मी लहानपणीच पाहिले होते.

मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. नळी लावून त्यांचे नव्वद येतात. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"हळू बोल," बाबा म्हणाले. "झोपलंय."

मी रजईची कड उचलली. आत अंधार होता. ऊब तोंडावर आली आणि तो वास.

बाबांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज निघाला. आकडा एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. ओठ जांभळे झाले, हात माझी बाही शोधू लागला.

मी रजई सोडली.

ऐंशी. नव्वद. अठ्ठ्याण्णव.

टेबलावर ठोकायचं, म्हणजे ते बाहेर येईल आणि जाईल. माझी मूठ वर गेलीही होती. बाबांनी ती धरली. त्यांची बोटं थरथरत नव्हती.

"इकुए," ते म्हणाले, "नको ठोकूस."

सिलिंडर हाताच्या अंतरावर होता. तो तीन तास पुरतो. त्यानंतर पुन्हा यंत्र, पुन्हा नळी, आणि एखाद्या सकाळी मी खिंडीत असताना लाइट जाणार. हे सगळं मला माहीत होतं. मी मूठ उघडली आणि मांडीवर ठेवली.

"गारठलीस," बाबा म्हणाले. "पाय घाल आत."

मी मोजे काढले. बाबांचे पाय त्यांच्या बाजूला पोटाशी घेतलेले होते, रजईवरून गुडघ्यांचा उंचवटा मला दिसत होता. मी रजई अगदी थोडी उचलून पाय आत सरकवले.

आत काहीतरी जरासं सरकलं, आणि माझ्या पायांना जागा करून दिली.