कुंतीचा जामीन

कुंती लावायची तर उन्हात लावू नये, हे मी लोकांना सांगून सांगून थकलो. जो तो आपला अंगणात मधोमध खड्डा खणतो आणि मग पानं पिवळी पडली की माझ्याकडे तोंड वेंगाडत येतो. अरे बाबांनो, तिला मोठ्या झाडाची सावली लागते, पायाशी कुजलेला पाला लागतो आणि पाणी थोडं पण नेमाने लागतं. एवढं केलं की बारा महिने हिरवीगार. फुलली की पांढरीशुभ्र, आणि वास असा की रस्त्याने जाणाऱ्याने गाडी थांबवून विचारावं.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी मी सात वर्षं फॉरेस्ट रेंजर होतो. बंगल्यामागे अंजनाची जुनी झाडं होती आणि त्यांच्यामधून एक नाला जात होता. त्या झाडांखाली मी रानातलीच झुडपं आणून बाग केली. एकावन्नच्या पावसाळ्यात लोटन माळ्याला घेऊन दरीतून कुंतीची सात झुडपं मुळांच्या मातीसकट उचलून आणली. सहा तिसऱ्या वर्षी फुलली. सातवी नाल्याच्या काठची, सगळ्यांत जोमदार, पण एक कळी धरेल तर शपथ!

"वांझ निघाली," मी म्हणालो. माझ्या बायकोच्या, प्रमिलाच्या, कानावर पडावं म्हणूनच म्हणालो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. तोंडाला मात्र माझ्या कुलूप नाही.

उपाय लोटनने सांगितला. त्याच्या घरात न फुलणाऱ्या झाडाला धाक द्यायची रीत होती. एकाने कुऱ्हाड घेऊन यायचं, उलट्या बाजूने बुंध्यावर तीन ठोके मारायचे आणि तोडतो म्हणायचं. दुसऱ्याने त्याचा हात धरायचा आणि झाडासाठी जामीन राहायचं. झाड फुललं की कुऱ्हाडवाल्याने पहिलं फूल जामिनाच्या ओंजळीत ठेवून "सुटलास" म्हणायचं. तोवर जामीन बांधलेला.

"जामीन मी ऱ्हासू, भाऊसाहेब," लोटन म्हणाला. "मी म्हातारा शे, मना काय!"

मला गंमत सुचली. "तू कशाला? बाईसाहेब राहतील. दोघींची जात एकच."

चोपन्नच्या दिवाळीनंतरची सकाळ होती ती. मी तीन ठोके मारले. प्रमिलाने माझं मनगट धरलं. लोटनने तिला शब्द सांगून ठेवले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "आखाजीपर्यंत फुलेल. नाही फुलली तर मला तोडा."

"तोडत नाही," मी हसून म्हणालो. "पण आखाजीला माहेरी दोंडाईच्याला गेलीस की तिकडेच राहायचं. घे झोके जन्मभर."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. प्रमिलाचे आईबाप कधीच गेलेले. राहिला भाऊ हिलाल, आणि त्याच्या घरात तिला चार दिवसांच्या वर जागा नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी थट्टा करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीतून येताना तिची पाठ दिसली. पाठीवर तीन काळेनिळे वळ होते, एकाखाली एक.

"पडलीस कुठे?"

"नाही."

मी विषय सोडला. बायका काय, कुठेही धडपडतात.

त्या दिवसापासून सातव्या कुंतीचं पाणी तिने स्वतःकडे घेतलं. नाला माघातच आटला, मग ती केळीच्या मळ्यातल्या विहिरीवरून हंडे आणू लागली. लोटनला मी मदत करू दिली नाही.

फाल्गुनात मला त्या तीन वळांवरून शंका आली. मी मोजमापाचा माणूस, शंका आली की तपासून बघतो. कुंतीला चार दिवस थेंबभर पाणी घालायचं नाही, असं बजावलं. तिसऱ्या दिवशी प्रमिलाचे ओठ फुटून रक्त आलं. माठ काठोकाठ भरलेला होता. ती तांब्यामागून तांब्या पीत होती, आणि तरी जीभ टाळूला चिकटून तिला बोलता येत नव्हतं. पाचव्या दिवशी मी झुडपाला दोन हंडे पाणी घातलं. तासाभरात ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, भीतीहून जास्त मजा वाटली. केवढी ती सत्ता! मी वहीत तारखेनिशी सगळं लिहून ठेवलं.

आखाजीच्या आदल्या सकाळी ती धावत आली. अकरा वर्षांत मी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

"अहो, फुलली! चला ना, फुलली ती!"

सबंध झुडूप पांढरं झालं होतं, पान दिसत नव्हतं. कुंतीची फुलं टिकत नाहीत, खाली सडा पडतो. हिच्याखाली एक पाकळी नव्हती. लोटन डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन उभा होता. प्रमिलाने ओंजळ पुढे केली.

"द्या भाऊसाहेब," लोटन म्हणाला. "अक्काले सोडी द्या."

मी एक फूल खुडलं, वास घेतला आणि कोटाच्या काजात खोवलं. आषाढात बडे साहेब बाग बघायला यायचे होते. जामीन बांधलेला राहिला तर कुंती फुलत राहील, हा माझा साधा विचार.

"घाई काय आहे?" मी म्हणालो. "घरातून काढत नाही ना तुला? झालं तर मग."

तिची ओंजळ तशीच होती. मी बंगल्याकडे वळलो तेव्हाही तशीच होती.

ती माहेरी गेली नाही. रोज सकाळी माझ्यापुढे चहाचा कप ठेवी आणि ओंजळ पुढे करी. मी कपात बघत चहा पीत असे.

ज्येष्ठात ते झुडूप ओबडधोबड वाढलं. साहेब येणार तर ते चेंडूसारखं गोल हवं. लोटनला छाटायला सांगितलं, तर त्याने कात्री खाली ठेवली.

"माले हाई काम नही जमाव, भाऊसाहेब."

मग मीच छाटलं. आधी शेंडे, मग बाजू. चांगले दोन तास लागले. घरी आलो तर प्रमिला आरशापुढे बसली होती. कंगव्यात केसांचा पुंजका, मांडीवर पुंजके, फरशीवर पुंजके. ती रडत नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "फूल आणलंत?"

मी नव्हतं आणलं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. मीही तेच सगळ्यांना सांगितलं.

आषाढात साहेब आले. सहा कुंती फुललेल्या होत्या. सातवी गोल, हिरवी, पण एकही कळी नसलेली. साहेबांनी हातातल्या काठीने तिच्या बुंध्यावर टक टक टक केलं.

"देवरे, ही काय ठेवलीय? तोडून टाका."

तोंडाला कुलूप नाही म्हटलं ना मी. बागेला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी साहेबांची काठी अदबीने धरली.

"राहू द्या साहेब. पुढच्या आखाजीपर्यंत फुलेल. नाही फुलली तर मला तोडा!"

साहेब हसले. मीही हसलो. लोटनने हातातली झारी खाली ठेवली आणि तो माझ्या पाठीकडे बघत राहिला.

दुसऱ्या सकाळी अंघोळीला बसलो. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, पण बोटांना कळतं. तीन वळ होते, एकाखाली एक.

साहेबांची बदली कारवारला झाली. कार्तिकात माझी झाली, भुसावळच्या लाकूड डेपोवर. निघताना लोटनचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पाणी चुकवू नकोस, म्हणालो. "नही चुकाव," म्हणाला, आणि खरंच चुकवलं नाही त्याने. मला इथे कधी जास्तीची तहान लागली नाही.

काल संध्याकाळी त्याचं कार्ड हातात पडलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं.

"भाऊसाहेबांस लोटनचा नमस्कार. कुंतीला रोज पाणी आहे, काळजी नसावी. यंदा कळी धरली नाही. नवे साहेब तोडायला सांगतात. अक्काला आपण आखाजीची मुदत दिली होती, तीच मी धरली आहे. आखाजीच्या सकाळी काम उरकून घेईन. कुऱ्हाडीला धार लावली आहे. कळावे."

तसाच धावत जाऊन तार केली. तार चोपड्यापर्यंत जाते, पुढे माणूस पायी जातो, तेही सणाचा दिवस नसेल तर. रात्री तिकडे जाणारी गाडी नव्हती. मग मी स्वतःला समजावलं. माणसाचा आणि झुडपाचा संबंध काय? शिकलेला माणूस ना तू!

आज आखाजी. डेपोसमोरच्या कडुनिंबाला पहाटेच झोके बांधले आहेत. माहेरवाशिणींची गाणी इथवर ऐकू येतात.

लोटनची कामाची पद्धत मला माहीत आहे, मीच शिकवली त्याला. तो एकदम बुंध्याला हात घालत नाही. आधी शेंडे उतरवतो, मग बाजू, मग खाली बसतो.

आठ वाजता अंघोळ करून आरशापुढे उभा राहिलो आणि भांग पाडायला कंगवा घेतला.

पहिल्याच फेरीला कंगवा भरला.