हरण्यासाठी चुरस

खडकी वाघिणी आणि मिरज मर्दानी या संघांचा हॉकी सामना संपत आला, तरी गोल एकही झाला नव्हता. झाला असता तर करणाऱ्या संघाचे मालक रागावले असते.

लीगमध्ये तळाला राहणाऱ्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळे. त्यातच पारखयंत्र आलं. मुलीच्या मनगटाला पट्टा बांधला, की स्नायू आणि नजर तपासून ती पुढे कशी खेळेल हे ते सांगायचं, आणि चुकायचं नाही. यंदा गडचिरोलीच्या एका मुलीला त्याने शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले होते. तळाच्या या दोन संघांपैकी आज हरेल त्याला ती मिळणार होती.

खडकीच्या प्रशिक्षक वत्सला ढमढेरे यांनी सकाळीच यंत्राला विचारलं होतं, "पहिली निवड मिळाली की अजिंक्यपद मिळतं का?"

"पहिली निवड मिळवणारे संघ बहुधा पुढल्या वर्षीही पहिली निवड मिळवतात," यंत्र म्हणालं.

"बघा, सातत्य!" मालक कीर्तिशेठ खूश झाले होते.

आता मिरजेच्या एका मुलीने चेंडू सरळ स्वतःच्याच गोलात मारला. पण हॉकीत असा गोल धरत नाहीत. मुद्दाम मारला म्हणून पंचांनी उलट खडकीला पेनल्टी कॉर्नर दिला.

"बाहेर मारा!" कीर्तिशेठ ओरडले.

मिरजेची गोलरक्षक हेमांगी चौगुले अंगावर सगळा जामानिमा चढवून खांबाला टेकून उभी होती. अख्खा गोल मोकळा. खडकीची कर्णधार नीलोफर मुल्ला हिने वत्सलाबाईंकडे पाहिलं. नवी मुलगी आली की जाणार होती ती नीलोफरचीच जागा.

"बाई, काय करू?"

"हॉकी खेळ."

"बाई, उद्यापासून येऊ नका!" शेठ कडाडले.

"उद्याचं उद्या बघू, शेठ. आज सामना आहे."

नीलोफर वर्तुळाच्या टोकाशी आली आणि थांबली. "ए चौगुले, मध्ये ये. फुकटचा गोल नको मला."

"मला सांगितलंय बाजूला राहायला."

"मलाही बाहेर मारायला सांगितलंय. ये गं!"

हेमांगीने स्वतःच्या मालकांकडे पाहिलं, मग नीलोफरकडे. शिरस्त्राण घट्ट केलं आणि गोलाच्या मधोमध येऊन गुडघे वाकवले. पेंगणारे प्रेक्षक उठून उभे राहिले.

चेंडू आत आला, थांबवला गेला, नीलोफरच्या काठीवरून सणसणत सुटला. हेमांगी डावीकडे झेपावली. चेंडू तिच्या हातमोज्याला घासून जाळीत गेला आणि सामना संपल्याची शिटी वाजली.

मिरज हरली. तिच्या मालकांनी मैदानातच पेढे वाटायला घेतले. गुडघा खरचटलेली, डोळे पुसणारी हेमांगी त्यांच्यासमोर आली. पेढा तिने घेतला नाही.

"साहेब, ती सत्त्याण्णव गुणांची पोरगी आली, की तिला आधी काय शिकवू? गोल अडवायला, की बाजूला उभं राहायला?"